जॉन पोस्टेल

जोनाथन ब्रूस पोस्टेल ऊर्फ जॉन पोस्टेल (जन्म : आल्टाडेना, कॅलिफोर्निया, ६ ऑगस्ट १९४३, मृत्यू : लॉस एंजेलस, १६ ऑक्टोबर १९९८) हे अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ होते. आंतरजालाचे मूळ नियम ज्या आरएफसी नावाच्या लेखमालेत नोंदवलेले आहेत, तिचे ते सुमारे २८ वर्षे संपादक होते. जगभरच्या संगणकांना द्यावयाचे क्रमांक, सेवांचे पोर्ट क्रमांक आणि डोमेन नावांची सर्वांत वरची पातळी यांची नोंदवही त्यांच्याकडे असे. संगणकाच्या नावावरून त्याचा क्रमांक शोधणारी जी डोमेन नामप्रणाली (डीएनएस) आज सर्वत्र वापरात आहे, तिचा आराखडा पॉल मॉकापेट्रिस यांनी तयार केला. मात्र ते काम मॉकापेट्रिस यांच्यावर सोपवणारे, त्याचे वेळापत्रक ठरवणारे आणि पुढे पंधरा वर्षे ती प्रणाली सांभाळणारे पोस्टेल होते.

बालपण आणि शिक्षण

पोस्टेल यांचे बालपण दक्षिण कॅलिफोर्नियात गेले. लॉस एंजेलसमधील व्हॅन नाइस हायस्कूलमध्ये त्यांचे शालेय शिक्षण झाले. आंतरजालाच्या इतिहासात पुढे नावारूपाला आलेले व्हिंटन सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हे दोघेही याच शाळेचे विद्यार्थी होत. एका शाळेतून असे तिघे निघावेत, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे. नंतर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलस शाखेतून (यूसीएलए) पोस्टेल यांनी १९६६ मध्ये अभियांत्रिकीची पदवी आणि १९६८ मध्ये पदव्युत्तर पदवी मिळवली. १९७४ मध्ये त्याच विद्यापीठाने त्यांना संगणकशास्त्रातील डॉक्टरेट दिली. दोन संगणक परस्परांशी ज्या नियमांनी बोलतात, ते नियम कोठे अडखळतील हे आलेखांच्या साहाय्याने आधीच तपासता येईल का, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता.

आर्पानेट आणि नोंदवही

पोस्टेल पदव्युत्तर विद्यार्थी असताना यूसीएलएमध्ये लिओनार्ड क्लाइनरॉक यांच्या प्रयोगशाळेत आर्पानेट या जाळ्याची उभारणी चालू होती. १९६९ च्या शरद ऋतूत जाळ्याचे पहिले केंद्र याच प्रयोगशाळेत सुरू झाले. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी तेथून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या संगणकाकडे पहिला संदेश गेला. या कामातील विद्यार्थ्यांच्या गटात पोस्टेल होते.

आर्पानेटला जोडले जाणारे संगणक निरनिराळ्या कंपन्यांचे व निरनिराळ्या घडणीचे होते. त्यांच्यात संभाषण घडवायचे तर समान नियम हवेत, आणि ते नियम कोणीतरी लिहून ठेवायला हवेत. क्रॉकर यांनी एप्रिल १९६९ मध्ये या टिपणांची सुरुवात केली. आपण फार अधिकारवाणीने बोलतो आहोत असे कोणाला वाटू नये, म्हणून त्यांनी मालेला मते मागवणारी टिपणे अशा अर्थाचे सौम्य नाव दिले. आरएफसी हे त्याच नावाचे लघुरूप होय. थोड्याच काळात या मालेचे संपादन पोस्टेल यांच्याकडे आले आणि अखेरपर्यंत त्यांच्याकडेच राहिले. त्यांच्या मृत्यूपर्यंत या मालेत २४०० च्या वर टिपणे प्रसिद्ध झाली होती. त्यांतील दोनशेहून अधिक टिपणांवर लेखक किंवा सहलेखक म्हणून पोस्टेल यांचेच नाव आहे.

संपादनाला जोडूनच दुसरे काम आले. एकाच संगणकावर अनेक सेवा चालतात, म्हणून येणारी विनंती कोणत्या सेवेसाठी आहे हे एका क्रमांकाने ओळखावे लागते. असे क्रमांक ज्याने त्याने मनाला येतील तसे घेतले तर गोंधळ अटळ होता. मे १९७२ मधील एका टिपणात पोस्टेल यांनी असे सुचवले की, हे क्रमांक वाटून देणारी एकच व्यक्ती असावी, आणि ती व्यक्ती बहुधा आपणच असावी. सूचना अर्धी गमतीने केलेली होती. पण कोणी हरकत घेतली नाही आणि काम त्यांच्याकडे आले. ही यादी आरंभी साध्या कागदावर लिहिलेली असे, असे सांगतात. नवा नियम लिहिणाऱ्याने पोस्टेल यांना कळवायचे, त्यांनी पुढचा मोकळा क्रमांक द्यायचा आणि वहीत नोंद करायची, अशी पद्धत होती. पत्रास टपाल क्रमांक २५, दूरस्थ प्रवेशास २३, नावाच्या शोधास ५३ हे आज जगभर चालणारे क्रमांक याच नोंदवहीतले आहेत.

या नोंदवहीमागे आरंभी कोणताही कायदा नव्हता. काम चोख होते, कोणाची बाजू घेतली जात नव्हती, म्हणून लोक ते मानत होते. पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीस या कामाला आयाना (इंटरनेट क्रमांक प्रदान प्राधिकरण) हे भारदस्त नाव मिळाले. प्रत्यक्षात प्राधिकरण म्हणजे पोस्टेल, त्यांच्या दीर्घकाळच्या सहकारी जॉइस रेनॉल्ड्स आणि मोजकी दोनचार माणसे एवढाच पसारा होता.

माहितीशास्त्र संस्थेतील कार्य

काही वर्षे अन्यत्र, त्यांत स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील डग्लस एंगलबार्ट यांच्या केंद्रात, काम केल्यावर मार्च १९७७ मध्ये पोस्टेल दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेत रुजू झाले. ही संस्था समुद्रकिनाऱ्यावरील मरीना डेल रे येथे आहे. पोस्टेल अखेरपर्यंत तेथेच राहिले.

त्याच वर्षी लिहिलेल्या एका टिपणात त्यांनी एक दोष दाखवून दिला. त्या वेळी टीसीपी हा एकच नियम दोन कामे करीत होता : माहितीची पाकिटे एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्यात पोचवणे आणि ती क्रमाने व न हरवता पोचली की नाही हे पाहणे. ही कामे वेगळी करावीत, असा आग्रह त्यांनी धरला. त्यातून आयपी आणि टीसीपी अशी दोन स्वतंत्र पातळ्यांची रचना आकाराला आली. सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या दोन्ही नियमांच्या टिपणांचे संपादन पोस्टेल यांनी केले. त्याआधी ऑगस्ट १९८० मध्ये यूडीपी या हलक्या नियमाचे अवघ्या तीन पानांचे टिपण त्यांनी लिहिले होते. ऑगस्ट १९८२ मधील विद्युत टपालाचा नियम (एसएमटीपी) त्यांचाच आहे, आणि १९८५ मधील फाइल पाठवण्याचा नियम (एफटीपी) त्यांनी रेनॉल्ड्स यांच्यासह लिहिला. १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेटने जुना नियम सोडून टीसीपी व आयपी स्वीकारले. त्या स्थित्यंतराचा आराखडाही पोस्टेल यांनीच नोव्हेंबर १९८१ मध्ये मांडला होता.

या टिपणांत त्यांनी आज्ञावली लिहिणाऱ्यांसाठी एक तत्त्व घालून दिले, ते पोस्टेलचा नियम म्हणून ओळखले जाते. स्वतः पाठवायचे ते काटेकोर नियमांनुसार पाठवावे. दुसऱ्याकडून आलेले मात्र, अर्थ लागत असेल तर, लहानसहान चुकांसकट स्वीकारावे, असा त्याचा आशय आहे. परस्परांना अनोळखी असलेली यंत्रे जोडली गेली, यात या तत्त्वाचा वाटा मोठा आहे. अलीकडे मात्र त्यावर टीकाही होते. चुकीचे संदेश स्वीकारले गेल्याने चुका रुळतात आणि सुरक्षेला बाधा येते, असे टीकाकार म्हणतात. ही टीका निराधार नाही. तथापि हे तत्त्व लिहिले गेले तेव्हा जाळ्यावर काहीशे संगणक होते आणि त्यांचे चालक एकमेकांना ओळखत होते, हे विसरून चालणार नाही.

नावांचा प्रश्न

संगणकाला क्रमांक पुरतो, माणसाला नाव लागते. आर्पानेटवर ही सोय एका फाइलने होत असे. तीत प्रत्येक संगणकाचे नाव आणि त्यापुढे क्रमांक लिहिलेला असे. ही फाइल स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या माहिती केंद्रात एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखाली ठेवली जाई. कोणाला नवा संगणक जोडायचा असेल तर तो तेथे कळवी, आणि बाकीचे सर्वजण अधूनमधून फाइलची नवी प्रत उतरवून घेत.

ऑगस्ट १९८१ मध्ये आर्पानेटवर २१३ संगणक होते, तोवर हे निभावले. पुढे संगणक वाढले आणि तीन अडचणी उभ्या राहिल्या. सर्वजण एकाच ठिकाणाहून प्रत घेत असल्याने तेथील भार वाढला. दोघांनी एकच नाव मागितले तर तंटा होऊ लागला. आणि सर्वांत त्रासदायक म्हणजे, केंद्रात फाइल बदलली तरी दूरच्या संगणकावर जुनीच प्रत असे, त्यामुळे बदललेला क्रमांक तेथे कळतच नसे. नाव बरोबर लिहूनही संगणक सापडत नाही, ही तक्रार डीएनएसपेक्षा जुनी आहे.

ऑगस्ट १९८२ मध्ये झॉ-सिंग सू आणि पोस्टेल यांनी नावांची रचना वृक्षासारखी असावी, असे मांडले. प्रत्येक फांदीचा कारभार त्या फांदीच्या मालकाकडे द्यावा, म्हणजे सर्व नावे एका केंद्रात नोंदवण्याची गरज उरणार नाही, अशी ती कल्पना होती. प्रत्यक्ष योजनेबाबत अनेक प्रस्ताव होते. त्यांतून मध्यममार्ग काढण्याचे काम पोस्टेल यांनी आपल्या संस्थेतील तरुण सहकारी मॉकापेट्रिस यांना दिले. मॉकापेट्रिस यांनी ते प्रस्ताव बाजूला ठेवले आणि स्वतःचीच नवी रचना केली. पोस्टेल यांनी ती मान्य केली. एखाद्या मानी वरिष्ठाला हे रुचले नसते. नोव्हेंबर १९८३ मध्ये मॉकापेट्रिस यांची दोन टिपणे प्रसिद्ध झाली आणि त्यांच्या जोडीला, नवी पद्धत कोणत्या टप्प्यांनी लागू करायची हे सांगणारे पोस्टेल यांचे टिपण आले.

ऑक्टोबर १९८४ मध्ये पोस्टेल व रेनॉल्ड्स यांनी वृक्षाच्या सर्वांत वरच्या फांद्या ठरवल्या. .कॉम, .एज्यु, .गव्ह, .मिल, .ऑर्ग या त्यांपैकी होत. देशांसाठी दोन अक्षरांची नावे ठेवायची, आणि ती आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने आधीच केलेल्या यादीतून घ्यायची, असेही त्यात होते. एखादा प्रदेश देश आहे की नाही या वादात आपण पडू नये, यादी करणाऱ्यांनी ते ठरवावे, ही पोस्टेल यांची भूमिका होती. मार्च १९९४ मधील टिपणात त्यांनी ती स्पष्टपणे मांडली. देशाच्या नावाचा कारभार पाहणारा हा मालक नसून विश्वस्त आहे, त्याने आपल्या देशातील लोकांची आणि जगातील वापरकर्त्यांची सेवा करावयाची आहे, असेही त्यात म्हटले आहे. हे टिपण आजही देशनावांच्या तंट्यांत आधार म्हणून पुढे केले जाते.

भारताशी संबंध

भारताच्या .इन या नावाची नोंद पोस्टेल यांच्या वहीत ८ मे १९८९ रोजी झाली. त्या काळात देशातील शैक्षणिक संस्थांना जोडणारे अर्नेट हे जाळे उभे राहत होते आणि मुंबईतील जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र (एनसीएसटी) त्यात अग्रभागी होते. श्रीनिवासन रमणी हे या केंद्राचे संचालक होते. .इनखालील नावांच्या नोंदणीचे काम पुढे अनेक वर्षे मुंबईच्या या केंद्रातून चालले. २००५ मध्ये नोंदणी सर्वांना खुली झाली आणि कारभार निक्सी या संस्थेकडे गेला.

डोमेन नावात केवळ रोमन अक्षरे, अंक आणि जोडरेघ चालते, हा निर्बंध जुन्या फाइलीच्या काळापासून चालत आलेला होता. त्यामुळे देवनागरीत नाव लिहिणे दीर्घकाळ अशक्य होते. ऑगस्ट २०१४ मध्ये .भारत हे नाव सुरू झाले आणि मराठी व कोकणी यांसह देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या भाषांना ही सोय मिळाली. तथापि आतली यंत्रणा बदललेली नाही. देवनागरी नावाचे आधी एका ठरावीक पद्धतीने रोमन अक्षरांत व अंकांत रूपांतर होते आणि मग ते पोस्टेलकालीन नियमांनुसारच शोधले जाते.

लिनक्स संगणकावरील नामशोध

पोस्टेल यांच्या कामाच्या खुणा आजच्या कोणत्याही लिनक्स संगणकावर पाहता येतात. विशेषतः संगणकाला नाव सापडेनासे होते तेव्हा दोष शोधणारा या खुणांमधूनच वाट काढीत असतो. म्हणून येथे त्याचे थोडे विस्ताराने वर्णन केले आहे.

प्रथम पाहावयाचे ते हे की, दोष नावात आहे की जाळ्यात. बाहेरच्या एखाद्या संगणकाला पिंग या आज्ञेने त्याच्या क्रमांकावरून हाक मारली असता उत्तर येते, पण नावाने येत नाही, तर जाळे ठीक असून नामशोध अडला आहे असे समजावे. क्रमांकालाही उत्तर आले नाही, तर नावांच्या मागे लागण्यात अर्थ नाही; दोष तार, वायफाय किंवा राउटर येथे असण्याचा संभव अधिक. मात्र काही संगणक पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत, म्हणून एकाच क्रमांकावर विसंबू नये.

नामशोध अडला असल्यास इटीसी या निर्देशिकेतील तीन फाइली पाहाव्यात. पहिली होस्ट्स. हीच आर्पानेटच्या जुन्या फाइलीची वंशज. तीतील नोंद सहसा इतर सर्व उत्तरांच्या आधी मानली जाते. कधी काळी चाचणीसाठी लिहिलेली आणि नंतर विसरलेली एखादी ओळ येथे राहून गेली, तर सारे जग एका क्रमांकाकडे जाते आणि हा एकटा संगणक दुसऱ्याच क्रमांकाकडे. चार दशकांपूर्वीचा शिळ्या प्रतीचा रोग तो हाच. दुसरी फाइल एनएसस्विच. नाव आधी फाइलीत शोधायचे की नामसर्व्हरला विचारायचे, हा क्रम तीत लिहिलेला असतो. तिसरी रिझॉल्व्ह या नावाची. कोणत्या नामसर्व्हरला विचारायचे, त्यांचे क्रमांक तीत असतात. सर्वसाधारण व्यवस्थेत त्यांतील पहिले तीनच विचारात घेतले जातात. पहिल्याने उत्तर दिले नाही तर पाच सेकंद वाट पाहून संगणक दुसऱ्याकडे वळतो. प्रत्येक संकेतस्थळ उघडण्याआधी पाच सेकंदांचा खोळंबा होत असेल, तर यादीतील पहिला सर्व्हर बंद आहे, असा तर्क बहुधा खरा ठरतो.

ही तिसरी फाइल हाताने दुरुस्त करावी आणि थोड्या वेळाने ती पूर्ववत झालेली दिसावी, हा अनुभव नवशिक्यांना नेहमी येतो. अलीकडच्या बहुतेक लिनक्स प्रणालींत नेटवर्कमॅनेजर किंवा सिस्टमडी यांचा घटक ती आपोआप लिहीत असतो. तेव्हा बदल त्या घटकाच्या मांडणीत करावा लागतो. पुष्कळदा तीत १२७.०.०.५३ एवढा एकच क्रमांक दिसतो. तो बाहेरच्या सर्व्हरचा नसून याच संगणकावर चालणाऱ्या मध्यस्थाचा आहे, आणि त्या मध्यस्थाने पुढे कोणाला विचारायचे ते रिझॉल्व्हसीटीएल या आज्ञेने कळते. १२७ ने सुरू होणारा हा क्रमांकसमूह पोस्टेल यांनी १९८१ मध्ये राखून ठेवला होता. संगणकाने स्वतःशीच बोलण्यासाठी तो वापरावा, हे १९८६ च्या त्यांच्या व रेनॉल्ड्स यांच्या यादीत आले. शेवटचा ५३ हा आकडा त्या मध्यस्थाच्या रचनाकारांनी नामशोधाच्या पोर्ट क्रमांकावरून घेतलेला दिसतो.

पुढची पायरी म्हणजे नाव दोन वेगळ्या आज्ञांनी विचारून पाहणे. गेटएंट ही आज्ञा वरील फाइलींच्या क्रमाने, म्हणजे इतर कार्यक्रम ज्या वाटेने जातात त्याच वाटेने जाते. डिग ही आज्ञा होस्ट्स फाइल वगळून थेट नामसर्व्हरला विचारते. डिगला उत्तर मिळाले आणि गेटएंटला मिळाले नाही, किंवा दोघांची उत्तरे भिन्न निघाली, तर दोष आपल्याच संगणकावर आहे. डिगलाही उत्तर मिळाले नाही, तर तिलाच दुसऱ्या एखाद्या नामसर्व्हरचा क्रमांक देऊन तोच प्रश्न विचारावा. तेथे उत्तर मिळाल्यास आपला नेहमीचा सर्व्हर दोषी ठरतो.

उत्तर न मिळण्याचेही प्रकार आहेत, आणि ते वेगळे ओळखता आले पाहिजेत. असे नावच अस्तित्वात नाही, हे एक उत्तर आहे. तेथे अक्षरांची चूक किंवा नोंदणीची मुदत संपलेली असू शकते. सर्व्हरला शोध पूर्ण करता आला नाही, हे दुसरे. तेथे नावाच्या मालकाकडील सर्व्हर बिघडलेला असतो, किंवा उत्तरावरील अंकीय स्वाक्षरी पटत नसते. शोध घेणाऱ्या यंत्राचे घड्याळ चुकले असले तरी स्वाक्षरी पटत नाही. पूर्ण शांतता हा तिसरा प्रकार; तेथे वाटेतील संरक्षक भिंत ५३ क्रमांकाची वाहतूक अडवीत असण्याचा संशय घ्यावा. छोटी उत्तरे यूडीपीने येतात, मोठी उत्तरे टीसीपीने मागावी लागतात. भिंतीने केवळ यूडीपीला वाट दिली असेल, तर काही नावे सापडतात व काही सापडत नाहीत, असा चमत्कारिक दोष दिसतो.

डिगला मुळापासून माग काढण्यास सांगितले असता ती प्रथम वृक्षाच्या मुळाशी असलेल्या रूट सर्व्हरकडे, मग .कॉम किंवा .इनच्या सर्व्हरकडे आणि शेवटी त्या नावाच्या सर्व्हरकडे जाते, व प्रत्येकाचे उत्तर दाखवते. साखळी कोणत्या कडीपाशी तुटली, ते त्यावरून दिसते. नोंद नुकतीच बदललेली असल्यास जुने उत्तर काही काळ मधल्या सर्व्हरांच्या स्मृतीत राहते. ते किती सेकंद राहावे हे नोंदीतच लिहिलेले असते, तेव्हा अशा वेळी दुरुस्ती न करता वाट पाहणे शहाणपणाचे होय.

१९९८ चा पेच

वर वर्णिलेल्या साखळीची पहिली कडी कोणाच्या हाती असावी, यावरून पोस्टेल यांच्या आयुष्यातील शेवटचा आणि सर्वांत मोठा संघर्ष झाला.

डोमेन नावे नोंदवण्याचे काम १९९३ पासून अमेरिकी सरकारच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने नेटवर्क सोल्युशन्स या कंपनीकडे दिले होते. सप्टेंबर १९९५ पासून कंपनी दोन वर्षांच्या नोंदणीसाठी १०० डॉलर घेऊ लागली. तोवर विनामूल्य मिळणारे नाव आता विक्रीची वस्तू झाले, आणि .कॉमची मक्तेदारी एका कंपनीकडे आली. त्याला उपाय म्हणून नव्या वरच्या नावांची भर घालावी, असा प्रस्ताव पोस्टेल यांनी १९९६ मध्ये मांडला. त्यातून समिती नेमली गेली, आंतरराष्ट्रीय करार झाला; परंतु वॉशिंग्टनमध्ये त्याला विरोध झाला आणि योजना रखडली. मधल्या काळात, १७ जुलै १९९७ रोजी, नेटवर्क सोल्युशन्सकडील चुकीमुळे .कॉम व .नेट यांच्या यादीची सदोष प्रत सर्व्हरांवर गेली आणि काही तास असंख्य नावे जगात कोठेही सापडेनाशी झाली.

त्या वेळी तेरा रूट सर्व्हर होते. त्यांतील एक मुख्य सर्व्हर नेटवर्क सोल्युशन्सकडे होता आणि उरलेले बारा त्याच्याकडून मूळ यादीची प्रत घेत. २८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी या बारांपैकी आठ सर्व्हरांच्या चालकांना पत्र पाठवले आणि यापुढे प्रत कंपनीकडून न घेता आयानाच्या सर्व्हरवरून घ्यावी, असे सांगितले. आठही जणांनी ते ऐकले. पोस्टेल यांच्याकडे आज्ञा करण्याचा कायदेशीर अधिकार होता की नाही, याचा खल करीत कोणी बसले नाही. दोन्ही याद्या सारख्याच असल्याने सामान्य वापरकर्त्याला काहीही जाणवले नाही. परंतु नासा, अमेरिकी लष्कर आणि कंपनी यांचे सर्व्हर एकीकडे, व बाकी सारे दुसरीकडे, अशी मुळाची दोन शकले झाली होती.

क्लिंटन सरकारच्या वतीने हा विषय आयरा मॅगझिनर हाताळीत होते. त्यांनी पोस्टेल यांना व त्यांच्या विद्यापीठाला तातडीने बदल मागे घ्यावयास लावले. पोस्टेल यांनी ही चाचणी होती असे सांगितले आणि थोड्याच दिवसांत सर्व पूर्ववत केले. तांत्रिक दृष्टीने ती चाचणी होतीच. पुढेमागे यादीचे ठिकाण बदलावे लागले तर ते सुरळीत होईल का, हे त्यातून कळले. पण नावांचा कारभार कंपनीच्या किंवा सरकारच्या हाती एकवटू नये, ही त्यांची इच्छा त्या वेळेपर्यंत लपून राहिलेली नव्हती, आणि तो दिवसही त्यांनी सहज निवडला असेल असे वाटत नाही. बदलापाठोपाठ त्याच आठवड्यात सरकारने नावांच्या भावी व्यवस्थेचा आपला मसुदा प्रसिद्ध केला. या घटनेचे समर्थक तिला सार्वजनिक ठेव्याच्या रक्षणाचा प्रयत्न मानतात. टीकाकार म्हणतात की, एका माणसाच्या पत्रावर जगाचे मूळ हलू शकते, हीच त्या व्यवस्थेची उणीव होती.

जून १९९८ मध्ये सरकारने अंतिम धोरण जाहीर केले. नावे व क्रमांक यांचा कारभार खाजगी, ना-नफा संस्थेकडे द्यावा असे त्यात ठरले. अशा संस्थेची घटना तयार करण्यात पोस्टेल यांनी ते वर्ष घालवले. संस्थेची, म्हणजे आयकानची, नोंदणी ३० सप्टेंबर १९९८ रोजी झाली. ऑक्टोबरच्या आरंभी पोस्टेल यांनी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष दिली. नव्या संस्थेचे तंत्रप्रमुख तेच होणार होते.

स्वभाव

लांब पांढरी दाढी, मोकळे केस, पायांत सपाता असा पोस्टेल यांचा वेष असे, आणि सरकारी बैठकांतही तो फारसा बदलत नसे. सिएरा नेव्हाडा पर्वतरांगांत पाठीवर ओझे घेऊन भटकण्याची त्यांना आवड होती. ते मितभाषी होते. संपादक म्हणून मात्र ते कठोर होते. अस्पष्ट लिहिलेले टिपण ते लेखकाकडे परत पाठवीत. आपल्या पदाचा त्यांनी धनलाभासाठी उपयोग केला नाही, याबद्दल त्यांच्या विरोधकांतही दुमत आढळत नाही.

मृत्यू

१९९१ मध्ये पोस्टेल यांच्या हृदयाच्या झडपेवर शस्त्रक्रिया झाली होती. १९९८ मध्ये झडप पुन्हा गळू लागली. शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत होऊन १६ ऑक्टोबर १९९८ रोजी वयाच्या ५५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आयकानची नोंदणी होऊन तेव्हा सोळा दिवस झाले होते. सर्फ यांनी लिहिलेला मृत्युलेख आरएफसी मालेतच २४६८ या क्रमांकाने प्रसिद्ध झाला. आरएफसीचे संपादन काही वर्षे माहितीशास्त्र संस्थेतच रेनॉल्ड्स आदी सहकाऱ्यांनी चालवले. आयानाचे काम आयकानकडे गेले.

सन्मान

१९९७ मध्ये संगणक जाळ्यांच्या क्षेत्रातील सिगकॉम पुरस्कार पोस्टेल यांना मिळाला. १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने त्यांना रौप्यपदक दिले. इंटरनेट सोसायटीचे ते पहिले वैयक्तिक सभासद होते. या सोसायटीने १९९९ पासून त्यांच्या नावाने सेवा पुरस्कार सुरू केला. पहिला पुरस्कार मरणोत्तर त्यांनाच देण्यात आला. २०१२ मध्ये इंटरनेट हॉल ऑफ फेमच्या पहिल्या यादीत त्यांचा समावेश झाला. एनसीएसटीचे रमणी यांना हा मान २०१४ मध्ये मिळाला.